नारळ वाढवलेली बोट

कोणी बोट दाखवायला आणली की मिस्त्री आधी बोटीकडे पाठ करून उभा राहायचा आणि आणणाऱ्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. “होरी काय, गरीब जनावर हाय,” होडीबद्दल म्हणायचा, “आदी धनी बघू दे.” धन्याच्या पायात पांढरे बूट असले तर निम्मा निकाल तिथंच लागायचा.

मग तो वळायचा आणि मुठीच्या हाडांनी बोटीचं अंग ठोकायला लागायचा. टक, टक, टक. कुठं आवाज बद्द आला की कान तिथं टेकवून ओरडायचा, “हितं कोन झोपलाय?” झोपलेलं असायचं ते कुजकं लाकूड, नाहीतर फायबरमधली भेग, पुट्टी भरून वर रंग फासलेली. आणि मग शिव्या सुरू व्हायच्या. विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, रंगवणाऱ्याला आणि मध्ये दलाल असला तर त्याच्या सगळ्या खानदानाला. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. त्याचा राग येतो, आणि गरज पडली की पाय आपोआप त्याच्याचकडे वळतात.

तोंडावर मी त्याला अहोजाहो करत असे. इथे अरेतुरे करतो आहे, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

रेवसच्या खाडीलगत त्याची पत्र्याची शेड होती. होड्यांची मशिनं, पाण्याचे पंप, जे धूर सोडतं ते सगळं तो दुरुस्त करायचा. माझा पाण्याच्या टँकरचा धंदा आहे. मांडव्याच्या आसपासच्या बंगल्यांना मी पाणी पुरवतो. पंप बिघडला की मी त्याच्या दारात. “पानी इकतोस आन् पंपाला तेल पाजीत न्हाईस, लाज वाटते काय?” हे माझं स्वागत. काम मात्र असं करायचा की वर्षभर त्या मशिनकडे बघायला लागू नये.

या बंगल्यांनी माझं पोट भरलं, पण डोकंही फिरवलं. आमचं घर मिठागरवाल्यांचं. आमच्याकडे समुद्र म्हणजे बांध फोडून आत शिरणारं पाणी. उधाणाच्या दिवसांत बाप जेवताना सुद्धा बांधाकडे तोंड करून बसायचा. समुद्रात लोक मजेसाठी जातात हे मला तिशीत कळलं, ते सुद्धा बंगल्यांच्या गच्च्यांवरच्या टाक्या भरताना. खाली त्यांची पोरं पाण्यावर किंचाळत भिरभिरायची आणि मी वर पाइप धरून उभा. आमचाच समुद्र, आणि आम्ही काठावर. या गोष्टीची चीड मी किती वर्षं गिळली ते माझं मला माहीत.

म्हणून एका बंगलेवाल्यानं आपली जुनी जेट बोट विकायला काढली तेव्हा मी मागचा पुढचा विचार केला नाही. जेट बोटीला खाली पंखा नसतो. बुडाच्या जाळीतून ती पाणी आत ओढते आणि मागून जोरात फेकते. पाच माणसं बसतील एवढी, लालभडक, मऊ गाद्यांची. “पंखा नाही म्हणजे पोरांना धोका नाही,” मालक म्हणाला. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली चाकांच्या गाड्यावर उभी होती. मी ती तशीच, कोरड्या जमिनीवर पाहिली आणि घेतली. दर रविवारी बायकोला आणि सईला घेऊन पाण्यात जायचं ठरवून टाकलं. सई तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

आता खरी गोष्ट सांगतो. ती मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

आमच्या किनाऱ्यावर नव्या होडीला हळदकुंकू लावून नारळ वाढवला की ती घरातली होते. मग तिला कोणी नावं ठेवत नाही. मिस्त्री एरवी देवालाही दोन शब्द सुनावायला कमी करायचा नाही, पण ही रीत फार कडक पाळायचा. नारळाच्या आधी हवं ते बोलेल; नारळानंतर खोट दिसली तर चार दिवस होडी ठेवून घेईल, गुपचूप दुरुस्त करेल, पण तोंडातून वाईट शब्द काढणार नाही. खाडीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

दसऱ्याच्या दिवशी मी त्याला बोट बघायला घरी बोलावलं अकरा वाजता. आणि पूजा उरकली साडेदहाला.

मुद्दाम. बायको म्हणाली सुद्धा, “अहो, मिस्त्री येऊ देत ना आधी.” मी म्हटलं, मुहूर्त आहे. कसला मुहूर्त! त्याचं तोंड बंद करायचं होतं मला. सगळ्या वाडीसमोर, सईसमोर, त्यानं माझ्या बोटीवर थुंकलेलं मला चाललं नसतं. पहिल्यांदाच आमच्या घरात हौसेची वस्तू आली होती.

तो बरोबर अकराला आला. नव्या सदऱ्यात. फाटकातून आत येताना त्याला बोटीच्या नाकावरचं कुंकू दिसलं, खाली नारळाच्या करवंट्या दिसल्या. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. या वेळी धनी बघायला त्याला पाठ करायची गरज पडली नाही.

तरी त्यानं ठोकून पाहिलंच. टक, टक, टक करत मागच्या बाजूला गेला, जिथून पाणी बाहेर पडतं तिथं. एका जागी ठोकलं. पुन्हा तिथंच ठोकलं. तिसऱ्यांदा तळवा टेकवून उभा राहिला. हे सगळं मी पाहत होतो. “हितं कोन झोपलाय” असं त्यानं विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

“झ्याक हाय,” तो म्हणाला. सईनं त्याच्या हातात पेढा दिला. तो तसाच धरून मला म्हणाला, “चार दिस माज्या शेडमदी ठेव. जरा साफसूफ करतो.”

“रविवारी जायचंय आम्हाला.”

“फुडच्या ऐतवारी जा.”

“पोरगी वाट बघतेय, मिस्त्री.”

त्यानं पेढा तोंडात टाकला आणि गेला.

रविवारी सकाळी धक्क्यावर बोट पाण्यात सोडली, तर मिस्त्री तिथं आपल्या छोट्या होडीत बसलेला. “आज काय?” मी विचारलं. “गरवाला चाललोय,” म्हणाला. गळ मात्र कुठं दिसला नाही. होडीत मोठा दोर होता.

पहिली पंधरा मिनिटं काय सांगू! बोट उडत होती. सई ओरडत होती, बायको हसत होती आणि मला वाटत होतं, बघा रे बंगलेवाल्यांनो. खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो आणि बोटीचा मागचा भाग जड झाला. मी मशीन वाढवलं. सई म्हणाली, “बाबा, पाय ओले झाले.” मागे बघतो तर गादीखालून पाणी वर येतंय. मशीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ओहोटी होती. पाणी आम्हाला बाहेर, भर समुद्राकडे ओढायला लागलं. सईच्या घोट्याएवढं पाणी पोटरीपर्यंत आलं. तिचं ओरडणं थांबलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मी चावी फिरवत होतो, पुन्हा पुन्हा, मूर्खासारखा.

मिस्त्रीची होडी केव्हा बाजूला लागली ते कळलं नाही. त्यानं आधी सईला उचललं, मग बायकोला हात दिला. मला म्हणाला, “तू उपस.” मी उपसत राहिलो, तो दोर बांधून ओढत राहिला. धक्का येईपर्यंत तेच.

धक्क्यावर पाय टेकले आणि मी फुटलो. रविवारची गर्दी होती, बोटवाले होते, चहावाला होता. “तुम्हाला कळलं होतं!” मी ओरडलो. “माझ्या पोरीला मरायला पाठवलंत! एरवी जगाला शिव्या घालता, तेव्हा जीभ झडली होती?”

तो ओल्या दोराची गुंडाळी करत होता. मान वर न करता म्हणाला, “नारल वाडवला व्हतास.”

“खड्ड्यात गेला नारळ!”

“व्हय,” तो म्हणाला. “बोलाला पायजे व्हतं.”

एवढंच. पूजा आधी का उरकलीस, असं त्यानं चारचौघांत विचारलं नाही. चार दिवस ठेव म्हटलं होतं, हेही नाही. विचारलं असतं तर मी तिथल्या तिथं संपलो असतो. तो गप्प राहिला आणि माझं फावलं. पुढं सहा महिने मी भेटेल त्याला सांगत सुटलो: मिस्त्रीला खोट दिसते, पण सांगत नाही, त्याच्या भरवशावर पोरंबाळं पाण्यात नेऊ नका. माणसांनी ऐकलं. माझं ऐकतात, माझे टँकर सगळीकडे फिरतात. हळूहळू त्याच्याकडे होड्या जायच्या थांबल्या. एक दिवस शेडला कुलूप दिसलं. उरणला लेकीकडे गेला म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं.

बोट माझ्याकडे तशीच पडून होती, ती यंदा पावसाच्या तोंडावर मी चौलकडच्या एका माणसाला विकली. धुऊन, पुसून, मागे पुट्टी भरून, रंग मारून.

या पावसाळ्यात माझ्या मोठ्या टँकरचा पंप अडला. तीन कारागीर झाले, कोणाला जमेना. शेवटी लाज गुंडाळून मिस्त्रीला फोन लावला. मला वाटलं होतं, आवाज ओळखून तो शिव्या घालेल. मी तयारीत होतो, खरं तर मला त्या हव्या होत्या. तो म्हणाला, “फोन मशिनीला लाव. ऐकू दे.” मी लावला. मिनिटभरानं फोनमधून ओरडणं ऐकू आलं, “बंद कर, बंद कर! हवा ओढते. खालचा वायसर फाटलाय.” पाहिलं तर वायसर फाटलेला. या माणसाला मी हाकललं होतं.

मग त्यानं विचारलं, “ती लाल होरी?”

“विकली.”

“सांगितलास काय त्याला?”

मी फाटका वायसर बोटांत फिरवत राहिलो. पलीकडे तो वाट बघत होता. त्याला दम लागत होता, तो ऐकू येत होता.

“आता बरसात हाय,” तो शेवटी म्हणाला. “होरी वरतीच आसंल. नारली पुनवेच्या आदी सांग.” आणि फोन ठेवला.

शिवी नाही. एक शिवी नाही! आठवडाभर मी घरात ज्याच्या त्याच्यावर खेकसत होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तेव्हा चौलला गेलो. अंगणात बोट उभी होती, तिच्यात दोन मुलं बसून तोंडानं मशीनचा आवाज काढत होती. मी त्यांच्या बापाला सगळं सांगितलं. तो मला जे बोलला ते इथं लिहीत नाही. सगळं बरोबर बोलला. बोट मी परत आणली.

येताना रस्त्यात गाडी बाजूला घेऊन मिस्त्रीला फोन लावला. बाईनं उचलला, त्याची लेक. बाबा जाऊन आज बारा दिवस झाले, म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटलो. होडीचं एक काम त्यांनी सांगितलं होतं, ते झालं, असं काहीसं.

“होरीचं नाव नका काढू,” ती तडकली. “एका होरीपायी झिजले ते. कुनाच्या तरी पोरीला मी बुडवत व्हतो, चूक माजी हाय, शेवटपावत हेच. आमी किती समजावलं.” मग तिला काहीतरी जाणवलं असावं. “तुमी कोन बोलता?”

“त्या पोरीचा बाप,” मी म्हणालो. “चूक माझी होती.”

 तिनं फोन ठेवला नाही. मी गाडी बंद केली आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागलो.