आईच्या आवाजाचं रीळ

मंडळी, आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हा माझ्या आईने एका प्रेमकथेत नायिकेचं काम केलं होतं. चित्रपट मुका, फक्त शेवटच्या रिळात आवाज. मी दोन वर्षांची असताना आई गेली. तिचा आवाज मला आठवत नाही. तो त्या रिळातच होता.

बाबा इथे जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. लढाईच्या दिवसांत, आई गेल्यावर, त्यांनी ते रीळ पितळेच्या डब्यात ठेवून झाकण डाग देऊन झाळून पक्कं बंद केलं आणि मोठी झाल्यावर मला बजावलं, "उघडू नकोस, पेट घेईल."

आज माझी भाची स्मिता आली. ती जुन्या फिल्म दुरुस्त करते. तिने जपून डबा कापला. आत पाणी! फिल्म उजेडात धरली, तर काचेसारखी कोरी.

"मावशी, पाण्यात काहून ठेवली हो? चित्र, आवाज, सब धुल गया."

तिच्यासोबत आलेला गृहस्थ चक्क हसला. त्याला मी दाराबाहेर काढलं. अहो, कारखान्यात भडकणारा माल ओलाच ठेवत. फिल्मही तशीच भडकते, हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी ती जिवापाड जपली हो! आता मी राग कुणावर काढू?

दुसरी प्रत कुणाकडे असेल का? माळ्यावर, ट्रंकेत, कुठेही बघा. चित्रपटाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याच्या शेवटी एक मुलगी दारात उभी राहून प्रियकराला थांबायला सांगते. कोणत्या शब्दांत, ते बाबांनी मला कधीच सांगितलं नाही.