आत्यांचा नेम

नऊवारी नेसली की आत्या पाण्याच्या थेंबाला शिवत नसत. सकाळी कासोटा घातला की घरी परतेपर्यंत ‘तिकडे’ जायचं नाही, हा त्यांचा नेम. सख्ख्या आत्या त्या कुणाच्याच नव्हत्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या मंगळागौरीच्या खेळांच्या ग्रुपच्या त्या प्रमुख. साठी उलटलेली, पण पिंग्यात पंचविशीच्या मुलींना दमवायच्या.

कुणी बिचारी मध्येच उठलीच, तर सगळ्यांसमोर म्हणायच्या, ‘जा हो, आम्ही गौरीला थांबायला सांगतो.’ पुन्हा उठायची तिची छाती होत नसे. एरवी बाई लोण्याहून मऊ. बाळंतपणानंतर मी घर धरून बसले, तेव्हा ‘कुढायचंच असेल तर इथे येऊन कुढ, चार जणी सोबतीला आहेत,’ म्हणत त्यांनीच मला ओढून आणलं आणि स्वतः चापूनचोपून नऊवारी नेसवली. माझा त्यांच्यावर जीव होता, म्हणून तर अजून राग जात नाही.

गेल्या श्रावणात वाघोलीच्या एका सोसायटीत लागोपाठ दोन कार्यक्रम होते. क्लबहाउसमध्ये लख्ख टॉयलेट होतं. आत्या गेल्या नाहीत. परतताना ट्रॅफिकमध्ये, गाडीतच पोट धरून कळवळल्या. ‘अगं, आत काहीतरी तुटलं,’ म्हणाल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, लघवीला शेवटचं कधी गेला होतात?’ शेजारी त्यांचे जावई उभे. आत्या म्हणाल्या, ‘होते की वेळच्या वेळी.’ ‘आधी काही मोठं आजारपण?’ ‘छे हो.’ मी तेव्हा खाली गाडीतल्या बायकांना धीर देत होते. हे मला जावयांनी नंतर सांगितलं.

रिपोर्टात किडनी बिघडलेली दिसली, म्हणून उपचार तिचेच सुरू झाले. दोन दिवस त्यात गेले. मग स्कॅनमध्ये कळलं, मूत्राशय आपोआप फुटलंय आणि लघवी पोटभर पसरलीय. पूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या रेडिएशनने ते आधीच कमकुवत झालं होतं, त्यात हे तुंबवणं. त्या कॅन्सरचा तर त्यांनी आम्हाला कुणालाच पत्ता लागू दिला नव्हता. ‘पहिल्याच दिवशी बोलल्या असत्या तर वाचल्या असत्या,’ डॉक्टर मागाहून म्हणाले.

ऑपरेशननंतर मला आत सोडलं. खाटेला लघवीची पिशवी लटकत होती. आत्यांनी खुणेने जवळ बोलावलं. वाटलं, काही मनातलं सांगतील.

‘जावई यायच्या आत ती झाक,’ म्हणाल्या.

मी माझी ओढणी टाकली. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. जावयांनी सगळ्यांना हार्ट अटॅक म्हणून कळवलं.