सहा एक्के

मोगलाईतल्या आमच्या दिंद्रुडला एकदा इंग्रजी मुलखातून नाटक मंडळी आली. जुगारखान्यात जमलेल्या प्रेमाचं नाटक होतं. आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड बसलो होतो. बाप पोरीलाच डावावर लावतो, तिथं मी ढसाढसा रडले. मग खलनायकानं तीन एक्के टाकले. त्यावर नायकानंही तीन एक्के आपटले आणि जिंकल्याच्या तोऱ्यात पोरीचा हात धरला.

माझे सासरे कीर्तनकार. पत्त्यांना शिवलेल्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं दर एकादशीला सांगायचे. तेच पहिले उठले. “थांब बे! एका गड्डीत सहा एक्के?”

लगेच सगळे पुरुष कडाडले. कुणी म्हणे, “पानं पिसली न्हाईत कावून?” कुणी म्हणे, “काटलीबी न्हाईत!” तिकडं पोरीचा जन्म सुधारत होता, त्याचं एकाही मेल्याला काही नव्हतं. माझं तर डोकंच फिरलं.

तेवढ्यात पडद्याआडून सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आवं, गड्डीत एक्के किती असत्यात, तुमाला कसं ठावं?”

सासरे सावकाश खाली बसले आणि नटांना म्हणाले, “चालू द्या. नाटक लई चांगलं हाय.”