खांद्याला पेलेल अशी गिटार

भाईंदर पूर्वेला आमची एकच खोली होती. बाबा मूळचे राजापूरकडचे, सुतार. त्या खोलीत आई, बाबा, दादा आणि मी अशी चौघं, शिवाय बाबांची हत्यारं आणि कुणाच्या तरी कपाटाचा अर्धवट झालेला दरवाजा. आई म्हणायची, "आपण पाच माणसं आहोत. पाचवा तो दरवाजा, आणि सगळ्यात जास्त जागा त्यालाच लागते." पुढे बाबांच्या छातीत भुसा बसला, खोकला वाढला आणि रंधा सुटला. दादाने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. निकाल लागायच्या आधीच तो बाबांची पिशवी खांद्याला लावून साइटवर जायला लागला. पास झाला होता, पण गुणपत्रिका आणायला त्याला सवड झाली नाही. ती शाळेत जाऊन मी आणली, तर त्याने हात पुसून ती नुसती पाहिली आणि म्हणाला, "भूगोलात बरे पडलेत की!"

मी मात्र शिकले. आमच्या दोन्हीकडच्या नात्यांत पहिली पदवी माझी. हे मी मिरवून सांगते, आणि ती कुणामुळे मिळाली तेही सांगते. बाबा गेल्यानंतर मी एकदा म्हटलं होतं, मीही नोकरी बघते. दादा म्हणाला, "वैशू, तू फक्त पेपर लिही. घरात हातोडी मारायला मी एकटा बास आहे." विषय संपला.

दादाला, म्हणजे सुनीलला, जाऊन आता सहा आठवडे झाले. सिल्व्हर पार्कमधल्या एका घरात स्वयंपाकघराचं माप घेत होता, भर दुपारी. खाली बसला, म्हणाला पाणी द्या, आणि पाणी येईपर्यंत... त्या घरच्या बाईंनीच मला फोन केला. भेटायला आलेले सगळे म्हणाले, फार कष्टाळू माणूस होता, साधा होता. खरंच आहे. पण चार दिवस तेच ऐकून मला राग यायला लागला. कष्टाळू माणसं आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत. माझा दादा हार्ड रॉक वाजवायचा, आणि चांगला वाजवायचा. ते कुणीतरी लिहायला हवं, म्हणून मी लिहितेय.

त्याला हा नाद लागला बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीत. फर्नांडिस अंकल म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांच्या भिंतीतलं कपाट करायला दादा गेला होता. अंकल तरुणपणी हॉटेलांत गिटार वाजवायचे. दादा फळीला रंधा मारत असताना त्यांनी आतल्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जोडली, आवाज वाढवला आणि वाजवायला लागले. दादा घरी येऊन मला सांगत होता, "तासताना फळीची थरथर हातात येते बघ, तशी ही पोटात येते. आणि ती माणूस आपल्या बोटांनी काढतो!" कपाट पूर्ण झालं तरी दर रविवारी तो अंकलकडे जायचाच. आधी शिकायला, मग वाजवायला. काही वर्षांनी अंकलच्या बोटांत सांधेदुखी शिरली, तेव्हा त्यांनी आपली जुनी गिटार त्याच्या हातात दिली. ती पावणेपाच किलोंची होती. भरीव, काळपट, गुळगुळीत. दादाने ती उचलली आणि त्याचा चेहरा उजळला. "वजन बघ वैशू. याला म्हणतात माल."

हे सुताराचं बोलणं होतं. आमच्या घरात सगळं वजनावर ठरायचं. गिऱ्हाईक कपाट बघायला आलं की बाबा आधी त्याला खण उचलायला लावायचे. जड म्हणजे अस्सल, हलकं म्हणजे आत काहीतरी पोकळ. दादा त्याच शिकवणुकीत वाढला, आणि त्याने ती जशीच्या तशी गिटारीला लावली. एवढा दणदणीत आवाज हलक्या लाकडातून निघणारच नाही, अशी त्याची खात्री होती. शांती नगरमधला इलेक्ट्रिशियन इम्रान ड्रम वाजवायचा. त्याच्यासोबत दादाने बँड जमवला. दिवसभर वायरिंग आणि फर्निचर, आणि सुट्टीच्या दिवशी एका रिकाम्या गाळ्यात सराव. शेजारचा गुजराती दुकानदार दर वेळी विचारायचा, "आज फिर तोडफोड का काम है क्या?"

मग तो अपघात झाला. एका फ्लॅटचा माळा बसवताना दादा शिडीवरून पडला आणि डाव्या खांद्याची कॉलरबोन मोडली. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली. काही महिन्यांनी हात चालायला लागला, काम सुरू झालं. पण गिटारचा पट्टा नेमका त्या पट्टीवर यायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत हाताला मुंग्या, चौथ्याला बोटं बधिर. आणखी चार महिन्यांनी मीरा रोडच्या एका हॉलमध्ये त्यांच्या बँडचा पहिला स्वतःचा कार्यक्रम होता. तोवर ते कुणाच्या तरी कार्यक्रमात मधली दोन गाणी वाजवायचे, हा मात्र पूर्ण त्यांचा होता.

इम्रान म्हणाला, "सुनीलभाई, कुर्सी पे बैठके बजाओ. क्या फरक पडता है?"

दादा म्हणाला, "अरे, खुर्चीवर बसून मी हे वाजवलं तर लोक माझ्याकडे चहाची ऑर्डर देतील."

सगळे हसले. तोही हसला. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने मला सांगितलं की इम्रानला दुसरा गिटारवाला बघायला सांगितलंय. सांगताना तो पायातले बूट काढत होता आणि एकच बूट बराच वेळ काढत राहिला... मी दादाला बाबांच्या वेळीही असा पाहिला नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, यात आपण लक्ष घालायचं. मी शिकलेली, मला वाचता येतं, मग हे का नाही वाचता येणार? आठवडाभर ऑफिस सुटलं की मी मोबाइलवर गिटारींची वजनं वाचत बसले. सगळ्या इलेक्ट्रिक गिटारी जड नसतात हे कळलं. तीन किलोंच्या असतात, त्याहून हलक्याही असतात. दादाला म्हटलं तर तो हसला. "वैशू, ती खेळणी असतात गं. सावंतवाडीला मिळतात तशी." मग मी फर्नांडिस अंकलना गाठलं. त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून तीन किलोंची एक गिटार मागून आणली, दादाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि दुखऱ्या बोटांनी दोन्ही गिटारींवर तेच चार स्वर आळीपाळीने वाजवले. दादाने ठामपणे सांगितलं, पहिली आपली, दुसरी ती हलकी. नेमकं उलटं होतं. त्याने पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा चुकला.

त्याने वळून दोन्ही गिटारी एकेक करून उचलून बघितल्या. मग म्हणाला, "म्हणजे आवाज लाकडात नसतो?"

"थोडा असतो, सुनील," अंकल म्हणाले. "बाकी तारांखालच्या चुंबकात असतो, अ‍ॅम्पच्या त्या खोक्यात असतो, आणि तुझ्या बोटात असतो. दुहेरी चुंबकाची घे, म्हणजे घुरघुर न होता जाड आवाज येईल. वजन तर फक्त तुझ्या पाठीला कळतं."

इथे मला वाटलं, मी जिंकले. आणि इथेच मी माझी चूक केली. जास्त शिकलेल्या माणसाने करावी तशीच चूक. दादाला न विचारता यादीतली सगळ्यात हलकी गिटार मी मागवली. आकडा सगळ्यात लहान, म्हणजे सगळ्यात चांगली! दादाने ती गळ्यात घातली, दोन्ही हात सोडले, आणि गिटारीचं वरचं टोक सरळ जमिनीकडे झुकलं. अंग हलकं, मान जड. "ही मान टाकतेय गं," तो म्हणाला. वाजवताना डाव्या हाताने ती उचलून धरावी लागत होती, म्हणजे दुखरा खांदा आणखीच कामाला लागला. मला रडू यायला लागलं. तर हाच मला समजावतोय, "अगं, तुझं माप बरोबर होतं. तू वजन मोजलंस, तोल नाही मोजलास. दरवाजासुद्धा वजनाने नाही पडत, बिजागरी चुकली की पडतो." ती गिटार परत पाठवली. पण त्या दिवसापासून या शोधात तो स्वतः उतरला, आणि मग बघण्यासारखं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गिटारींच्या एका मोठ्या दुकानात गेलो. माझ्या पर्समध्ये बॅगा मोजायचा काटा होता. मी एकेक गिटार टांगून मोजायची, सव्वातीनच्या वरची बाजूला ठेवायची. उरलेल्यांतली एकेक दादा गळ्यात घालायचा आणि हात सोडून नुसता उभा राहायचा. तार छेडायची नाही, काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदा खाली वाकून बुटाची लेस बांधली, एकदा आरशासमोर दोन उड्या मारल्या. काउंटरवरच्या पोऱ्याला राहवलं नाही.

"अंकल, बजाना है, या पहनके घूमना है?"

"बजाना आता है," दादा म्हणाला. "पहनना ही सीख रहा हूँ."

मग त्याने हाताने तपासायला सुरुवात केली, तयार कपाटावरून बाबा फिरवायचे तसा पंजा फिरवून. उजवा हात टेकतो तिथली कड टोचते का, पोटाशी येतो तो भाग आतून तासलेला आहे का, पट्ट्याची खुंटी कुठे आहे. एका गिटारीची खुंटी बोटभर मागे होती म्हणून नाकारली. एकीला नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "कोरडं आहे, वाकणार नाही." सातवी का आठवी गिटार लाल होती, तीन किलो आणि थोडी वर. ती गळ्यात घालून तो जवळजवळ अर्धा तास उभा होता. हात सोडले तरी जशीच्या तशी राहिली. मी विचारलं, "दुखतंय?" त्याने मान हलवली. "गळ्यात काही आहे असंच वाटत नाहीये." मग कुठे त्याने तिला वायर जोडली आणि एकच स्वर दाबून सोडला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. तो पोऱ्या म्हणाला, "अरे अंकल, आप तो सच में बजाते हो!"

पट्टा मात्र दुकानातला घेतला नाही. हत्यारांच्या पिशवीचा जुना रुंद पट्टा होता, त्याला खालून मऊ कापड शिवायला आईला बसवलं. आई शिवता शिवता पुटपुटत होती, "सुन्या, या वयात लोक देवाचं वाजवतात." तो म्हणाला, "देवाला ऐकू जावं म्हणून तर एवढ्या मोठ्याने वाजवतो, आई." सरावाला गेल्यावर इम्रानने गिटार हातात घेतली, वर-खाली केली आणि डोळे बारीक करून विचारलं, "भाई, अंदर का सामान निकाल दिया क्या?" दादा म्हणाला, "फालतू होतं ते काढलं." पुढचे तीन महिने तो आधी चार गाणी उभ्याने, मग सहा, मग नऊ असं वाढवत गेला. माळा बसवायच्या आधी फळ्या जमिनीवर जुळवून बघतात, तसा. दुसरा गिटारवाला बघायचा विषय इम्रानने पुन्हा काढला नाही.

मला कुणी म्हणेल, एका गिटारीचं एवढं काय! पण मला त्यात माझा दादा पूर्ण दिसतो. उभं आयुष्य ज्या समजुतीवर काढलं ती चुकीची निघाली, तेव्हा तो रुसला नाही, लाजला नाही. भिंतीकडे तोंड करून ऐकलं, चूक मान्य केली आणि मग आपल्याच हाताच्या ज्ञानाने माझ्या पुस्तकी आकड्याच्या पुढे गेला. मी पदवीधर आहे, पण असं शिकणं मला अजून जमत नाही. आता त्याची ती लाल गिटार इम्रानकडे आहे. सरावाच्या गाळ्यात ती वाजत राहावी असं आईच म्हणाली. मला वाटतं, ते बरोबर झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. अर्धे लोक बिल्डिंगांमधले, ज्यांच्या घरी दादाने कपाटं केली होती. फर्नांडिस अंकल पुढच्या रांगेत बसले होते, त्यांच्या शेजारी आई, कानात कापूस घालून. माझं गाण्याकडे लक्षच नव्हतं, मी नुसता त्याचा डावा खांदा बघत होते. तिसरं गाणं गेलं, चौथं गेलं. सहाव्याला तो स्टेजच्या अगदी कडेला आला, मान मागे टाकली आणि असं काही वाजवलं की आईने एका कानातला कापूस काढला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, एक तास वीस मिनिटं, माझ्या दादाने उभं राहून गिटार वाजवली.