पंपघराच्या भिंतीवरचं घराणं

प्रयोगशाळेत सगळे त्यांना बाईच म्हणत. बावीस वर्षं शेवाळाच्या नळ्या सांभाळणाऱ्या बाईंना, नुसतं सूक्ष्मदर्शकात डोकावून नावं देणाऱ्यांचा मनस्वी तिटकारा होता. त्यात पहिला नंबर विभागप्रमुख सरांचा. सर डोळा लावत, "हं" म्हणत आणि थंड देशातल्या जुन्या पुस्तकातलं एखादं नाव ठोकून देत. तिथलं शेवाळ अर्धं वर्ष बर्फाखाली झोपणारं, इथलं बारा महिने घामाघूम. पण दोघांचे धागे निळसर-हिरवे, म्हणून सरांच्या लेखी दोघं सख्खे भाऊ!

घरी नवरा जेवता जेवता म्हणे, "अगं, बुळबुळीत हिरवं ते बुळबुळीत हिरवं."

"तुम्ही बोलूच नका. तुम्हाला सदऱ्याची उलट-सुलट बाजू कळत नाही."

सरांशी भांडण पेटलं ते पंपघराच्या ओल्या भिंतीवरच्या शेवाळावरून. बाईंनी ते खरवडून आणलं, एकेक धागा वेगळा करत आठ महिने शुद्ध वाढवलं. शेवाळाचं हे नवंच घराणं, अशी त्यांची खात्री होती; सरांनी मात्र त्यालाही त्याच पुस्तकातलं जुनं नाव ठोकून दिलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या शोधांच्या नळ्या धुतल्यावर एक तरी शोध आपल्या नावावर लागावा, एवढंच त्यांना हवं होतं.

जनुकाचा क्रम आला. जगभरच्या नोंदींच्या डेटाबेसशी ताडला, तर सरांनी सांगितलेल्या जुन्या नावाशी नव्याण्णव टक्के जुळला.

"काय बाई? जनुकंसुद्धा आमच्याच पक्षात!" सर दिवसभर चहाचा कप घेऊन प्रत्येक टेबलापाशी हेच सांगत हिंडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती जुळलेली नोंद शेवटपर्यंत वाचली. नमुना: आपल्याच आवारातली पाण्याची टाकी. ओळख: आकारावरून. पाठवणारे: सर. नऊ वर्षांपूर्वी नजरेनं ठरवलेलं नाव सरांनीच जनुकाला चिकटवून पाठवलं होतं, आणि तेच आता पुरावा म्हणून परत आलं होतं. मग बाईंनी ते नाव मुळात ज्याचं, त्या थंड देशातल्या नमुन्याचा क्रम काढला. पंपघरातल्या शेवाळाशी जुळणी एक्क्याण्णव टक्के. पंच्याण्णवच्या खाली गेलं की बहुधा घराणं वेगळं धरतात.

दोन्ही कागद सरांच्या टेबलावर पडले.

"तुमचा साक्षीदार सापडला, सर. तुम्हीच."

सरांनी दोनदा वाचलं. "आकार तर अगदी तोच होता हो..."

"आकारावरून मी तुम्हाला हुशार समजत होते."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "नवं घराणं. शोधनिबंध लिहायला घ्या. पहिलं नाव तुमचं. माझी नोंद चुकलीय, असं मी आजच कळवतो."

या क्षणाची मजा बाई सावकाश घेणार होत्या. पण सर तिथंच घुटमळत राहिले.

"बाई, अशा आणखी एकतीस नोंदी आहेत माझ्या."

"एकतीस!" बाईंनी कपाळाला हात लावला. "नळ्या जिवंत आहेत का?"

"तुम्हीच सांभाळल्यात."

बाईंनी शेजारचं स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं. सर निमूट बसले.

"चार महिन्यांत सगळं तपासून होईल?"

"तुम्ही मधेमधे ओळखायला लागला नाहीत, तर होईल."