राबतो तो शहाणा

दोष आप्पांचा. आप्पा म्हणजे आमचे वडील. दादाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो, लोक हसतात आणि मूळ गोष्ट राहूनच जाते.

*

मी हिंगोलीला बीएला होतो, विषय मानसशास्त्र. सरांनी अपसामान्य वागणं ओळखायच्या चार कसोट्या शिकवल्या. माणूस चारचौघांहून वेगळा वागतो का, त्याचा त्रास होतो का, रोजचं जगणं बिघडलं का, जिवाला धोका आहे का. नुसता वेगळा वागतो म्हणून कुणाला वेडा ठरवायचं नाही, हेही बजावलं.

गावी, कुरुंद्याला, घरी आल्यावर मी हे हौसेनं सांगितलं. आप्पा म्हणाले, "आपल्यात एकच कसोटी. काम करतो का न्हाई? करतो, मंग शहाणा!"

त्या हिशोबानं घरात येडा एकच. मी!

*

हळद शिजवायच्या हंगामात माझा मोठा भाऊ, दादा, झोपेनासा झाला. मजूर दमून बसले तरी हा कढईपाशी उभाच. तोंडाची टकळी चालू, डोक्यात शंभर बेत. मला धड्यातला 'उन्माद' दिसला. म्हणालो, "आप्पा, ह्याला डॉक्टरला दाखवू."

"काहून? राबतो तो आजारी, आन् पुस्तक घेऊन लोळतो तो डॉक्टर व्हय?"

मजूर पोट धरून हसले. सगळ्यात जास्त दादाच हसला.

*

हंगाम संपला आणि दादानं अंथरूण धरलं. जेवेना, बोलेना. मग सुरू झालं मोठ्यांचं वर्गीकरण! आप्पा म्हणाले, आळस. आत्या म्हणाली, बाहेरचं. मामा म्हणाले, "लगीन करा, बराबर होतं." तुला काय होतंय, हे दादाला एकानंही विचारलं नाही.

मामांनी सोयरीक आणलीच. दादाला आंघोळ घालून खुर्चीत बसवला. तो भिंतीकडे बघत राहिला. पाहुणे जाताना खूश. "पोरगं लई शांत! असं वळण आजकाल दिसत न्हाई!"

मुलीनं फोनवर दादाशी पाच मिनिटं बोलून नकार कळवला. सगळ्या प्रकरणात शहाणी तेवढी तीच.

*

आईनं जेवण सोडलं, तेव्हा कुठं आप्पा दादाला हिंगोलीला मानसिक आजारांच्या डॉक्टरकडे घेऊन आले. जीपमध्ये ज्याला त्याला सांगत होते, "दात दाखवायला चाललो."

दादा बिचारा डॉक्टरांपुढं बसला आणि त्यानं आ वासला!

डॉक्टर हसले नाहीत. गोळ्या दिल्या. म्हणाले, "बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करू नका." दादा जेवू लागला, झोपू लागला, माझी टिंगल करू लागला.

*

पुन्हा हळद आली. गोळ्यांनी दादा कढईपाशी पेंगायचा. आप्पांना मागच्या हंगामातला दादा हवा होता. "हंगामापुरत्या बंद ठेवू. मंग हायेतच की!" मी परीक्षेसाठी हिंगोलीत होतो. मला कुणी कळवलंही नाही.

आप्पांना हवा तो दादा परत मिळाला. एका दुपारी "हळद शिजली का बघून राहिलो" म्हणत त्यानं दोन्ही हात उकळत्या कढईत घातले.

दवाखान्यात त्याच्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. आप्पा पायथ्याशी. दादा अगदी शांतपणे त्यांना म्हणाला, "आप्पा, आता काम व्हायचं न्हाई. आता तरी मी आजारी हाय ना?"

दादाची बोटं वळत नाहीत. त्याला मी जेवू घालतो. माझं कॉलेज सुटलं.