मैनेनं कारण सांगितलं नाही

पिपरी मेघे गावात आमच्या शेजारी ज्योत्स्नाकाकूंचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक नसताना तुरीच्या डाळीच्या पोत्याला टेकून त्यांनी कादंबरी लिहिली. आधी गल्ली हसली. मग नागपूरचा दिग्दर्शक धीरज त्या कादंबरीवर सिनेमा काढायचा म्हणून दारात आला, आणि त्याच गल्लीला एकाएकी साहित्य कळायला लागलं. मी रजत, मराठीत एमए, म्हणजे रिकामाच. धीरजनं मला संवाद लिहायला घेतलं.

कादंबरीतली मैना एक दिवस नवऱ्याचं घर सोडते. नवरा चांगला, सासू बरी. जाण्याआधी ती अख्खं प्रकरणभर गहू निवडत विचार करते, पण का जाते ते कुणालाच सांगत नाही. वाचकालासुद्धा नाही.

"काकू, पडद्यावर विचार दिसत नाही," धीरज म्हणाला. "नवऱ्याला दारू पाजू. एक थप्पड मारेल. लोकांना कारण मिळेल."

"काऊन मारन तो? माह्या पुस्तकात तर तो तिचे पाय दाबून देते."

"मग लोक विचारतील ना, का गेली?"

"इचारू दे. तिनं नाई सांगतलं, मीबी नाई सांगत."

"पैसे लावणारा पळून जाईल."

"जाऊ दे. पुस्तक छापून झालं, ते नाई पळत."

धीरज माझ्याकडे बघायला लागला, मी बिस्किटांकडे. शेवटी म्हटलं, "गहू निवडताना मागून मैनेचा आवाज ऐकवू."

"काऊन? रेडिओ हाय का ते?"

चार दिवसांनी काकूंनी आम्हाला दुकानामागच्या अंगणात बोलावलं. भोंडल्यासारख्या भुलाबाईच्या खेळाचे दिवस होते. गाणी संपवून पोरी खाऊ ओळखायला बसल्या होत्या. काकू झाकलेला डबा हलवत होत्या.

"चिवडा!"

"नाई."

"शेंगदाण्याचे लाडू!"

"नाई."

पोरी दमल्या, "हरलो" म्हणाल्या, तेव्हा रीतीप्रमाणे झाकण उघडलं. आत मुरमुरे निघाले.

"हे घे तुहा सीन," काकू धीरजला म्हणाल्या. "दारात मैनेची पिशवी. हातात डबा. बाया खाऊ वळखता वळखता तिचं जानंच वळखाले लागते. नवरा मारते का? नाई. सासू छळते का? नाई. बाया म्हनते, हरलो. मैना डबा काखेत मारते अन् निघते. झाकन नाई उघडाचं."

"आणि गव्हाचं प्रकरण?" मी विचारलं. त्यात त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता.

काकूंनी डब्याचं झाकण परत लावलं. "ते काप. पन थप्पड नाई टाकाची."

धीरजनं ऐकलं. पैसे लावणाऱ्यानं हात आखडता घेतला, म्हणून शूटिंग त्याच अंगणात, गल्लीतल्याच बायका घेऊन झालं. मैना तेवढी नागपूरहून आली. समोरच्या विमलाबाईंनी "नवरा मारते का वं?" असं काही विचारलं, जणू जन्मभर त्याचीच तालीम केली होती.

शॉट संपला. धीरजनं मैनेच्या हातातून डबा घेऊन कानाशी हलवला. "आता तरी सांगा काकू, काय आहे आत?"

"वळख."

"मुरमुरे?"

"नाई."

"खोबऱ्याची वडी?"

"नाई."

"बरं बाप्पा, हरलो."

काकूंनी डबा त्याच्याकडून घेतला, काखेत मारला आणि दुकानात निघून गेल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.